हत्ती ब्याड

चाळीस वर्षं कापूस पिंजला निपाणीत,
आधी धनुकलीनं, मग मोटारीवर.
नाकात कापूस, भुवयांत कापूस, चहाच्या कपात कापूस.
लग्नाच्या जोडगाद्या भरल्या,
वसतिगृहाच्या पातळ भरल्या,
अंथरुणाला खिळलेल्यांच्या, मधे भोक ठेवून, त्याही.

आणि नात अफीफा चिकोडीहून येते
चपलांच्या खोक्यात दोन गिनीपिग घेऊन.
एक तपकिरी, त्याचं नाव कुंदा.
दुसरा ठिपक्याठिपक्यांचा, तो करदंट.
म्हणाली, नाना, यांना गादी कर की.

एवढंच ना?
सावरीचा कापूस काढला, कुणालाच न दिलेला,
मुठीत धरला तर मूठ रिकामीच वाटावी असा.
वीतभर गादी शिवली, चौकटीचे टाके घातले,
घालताना उगाच हसू येत होतं.
सकाळी बघतो तर गादी फाडलेली,
कुंदाच्या तोंडातून धागा लोंबतोय,
करदंटच्या मागच्या पायाला तिढा.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर हिरेमठांनी
धागा हळूच ओढून काढला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
'हत्ती ब्याड. हत्ती हाकब्याड्री.'
अफीफा खुदकन हसली :
पिंजऱ्यात हत्ती कोण ठेवतंय वो?
मी नाही हसलो.
कानडीत हत्ती म्हणजे कापूस,
माझं अर्धं गिऱ्हाईक तोच शब्द घेऊन दुकानात येतं.
माझ्या सबंध धंद्याला
इतक्या थोडक्यात कुणी नको म्हटलं नव्हतं.

मग बसलो शिकायला, या वयात.
उसाचं पाचट कापतं.
कडब्याची ताटं डोळ्यात जातात.
पोतं पसरावं तर पोत्याला तंबाखू;
बिनवासाचं पोतं मागितलं
की निपाणीत लोक तोंडाकडे बघतात.
बडिगेरच्या रंध्याखालचा भुसा आणला, सागाचा, बारीक,
दोघं रात्रभर शिंकले,
अगदी माझ्यासारखे, तीन-तीनदा.
शेवटी दूधवाल्या सत्याप्पानं
आजऱ्याकडचं डोंगरगवत आणलं मोटारसायकलला बांधून,
वाळलेलं, पण वासानं अजून हिरवं.
नाक्यावर कुणी काही विचारलं नाही म्हणे.

तर आता असं आहे :
तळाला वर्तमानपत्र, मराठी किंवा कानडी,
शेजारून जे मिळेल ते.
दोन्हींवर सारखंच मुततात.
त्यावर जुन्या लोकरी ब्लँकेटचा तुकडा, चारदा धुतलेला,
वर गवत, हातभर, मोकळं, न दाबता.
न दाबता घालायला माझ्या हातांना आठवडा लागला.

खोकं निंगाप्पा बडिगेरनं केलं,
वसतिगृहाच्या गादीपेक्षा दोन फूट आखूड.
उंची नको म्हणाला, हे चढत नाहीत, पळतात.
तळाला जाळी नाही, फळी;
जाळीनं तळपाय सोलतात.
कोपऱ्यात दोन मंगळुरी कौलं एकमेकींना टेकवली,
दोन्हीकडून उघडी.
भित्र्या जिवाला एकच दार म्हणजे सापळा,
हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही.

अफीफा शाळेला गेली की ओलं गवत मी काढतो.
पिशवी वाजली की दोघं शिट्टी घालतात,
पिंजणाच्या मोटारीवरही ऐकू येते.
गिऱ्हाईक विचारतं, कुकर लावलाय काय?

परवा रात्री वीज गेली.
बॅटरी घेऊन खोक्याशी बसलो, पाठ भिंतीला लावून.
आजवर किती गाद्या भरल्या, मोजल्या नाहीत,
सगळ्या हातगाडीवरून गेल्या,
कुणाची कुस कशी वळली त्यावर, झोप लागली का,
मला कधी दिसलं नाही.

इथं कुंदा कौलाखाली, करदंट त्याला चिकटून,
गवतात खोल रुतलेले,
पोटं वरखाली होतायत.
झोपलेत, बहुतेक.
हे डोळे उघडे ठेवूनच झोपतात, डॉक्टर म्हणाले होते.
मी बॅटरी विझवली
आणि कान देऊन बसलो.